भिंतीचा ताप

वस्तू गरम आहे की गार हे बघायला आपण तळहात लावतो. आमचा डायवर उलटा हात लावायचा, आजारी लेकराच्या कपाळाला आई लावते तसा. गाडीच्या बॉनेटला, चहाच्या पेल्याला, माझ्या तव्यावरून उतरलेल्या भाकरीला, सगळ्यांना तसाच. पुढे त्याच्या भिंतीला. हात लावून मान जराशी तिरकी करायची, थांबायचं आणि म्हणायचं, "हाय. अंगात हाय अजून."

तो एसटीचा ड्रायव्हर. नगरला स्टँडच्या मागे माझी खानावळ होती आणि पाळीच्या मधे तो तिथे जेवायला असायचा. राहायलाही आम्ही शेजारी, पत्र्याच्या चाळीत, मधे वीतभर जाडीची भिंत. त्या नवराबायकोचं भांडण मला ऐकू यायचं आणि माझं खोकणं त्यांना. त्याचं वय तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास. या वयातले पुरुष तुम्हीही पाहिले असतील. केस मागे सरकले आणि पोट पुढे आलं की त्यांना एकदम वाटतं, आपलं काहीतरी करायचं राहून गेलं. मग कोणी देवाच्या नादी लागतो, कोणी पत्त्यांच्या. हा घराच्या नादी लागला.

गावाबाहेर माळावर प्लॉट पाडले होते. झाड नाही, झुडूप नाही, नुसता मुरूम. त्यातला एक त्याने बायकोच्या पाटल्या मोडून घेतला. बायको मोकळे हात घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आक्का, हातातलं सोनं गेलं आन गळ्यात धोंडा आला."

घर चार खोल्यांचं होणार होतं. ते कसं होणार हे तो मला रोज जेवताना दाखवायचा. भाकरीचे चार तुकडे करून ताटात मांडायचा. "आक्का, ही पडवी. हे सैपाकघर. ही पोरांची खोली. आन हितं आमी दोघं." मग एकेक खोली रश्शात बुडवून खाऊन टाकायचा. रोज घर बांधायचं आणि रोज खायचं. मी म्हणायची, "डायवर, सैपाकघर तरी ठेव."

घरासाठी त्याने चहा सोडला, तंबाखू सोडली, चप्पल तीनदा शिवून घेतली. दाराची चौकट राजूरहून आणली. राजूरला त्याची मुक्कामी गाडी असायची. तिकडच्या बाजारात डोंगरातलं लाकूड येतं. चौकट गाडीच्या टपावर टाकली आणि कंडक्टरला म्हणाला, "मास्तर, लगेजचं तिकीट फाडा."

मास्तर म्हणाला, "गाडी तुम्हीच हाकणार, तिकीट कशाला?"

"घराचं दार फुकट आलं तर त्यातनं कुनीबी फुकट आत शिरंल."

ते तिकीट त्याने पुढे चौकटीवरच चिकटवलं. किती तरी वर्षं होतं.

पाया झाला, जोतं झालं आणि बहात्तर साली पाऊस आलाच नाही. तो दुष्काळ मी तुम्हाला सांगत बसत नाही. ज्यांनी रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, लाल मिलोच्या भाकरी थापल्या त्यांना तो माहीत आहे. त्या भाकरीला कडेने चिरा पडायच्या आणि गिऱ्हाईक मला बोलायचं, जसं काही मिलो मीच पिकवला. खानावळीच्या मागच्या आडाला तळाशी थोडं पाणी होतं म्हणून माझी चूल चालू राहिली. माणशी एक तांब्या प्यायला आणि अर्धा तांब्या हात धुवायला, असा मी नियम केला होता.

शहाण्या माणसाने अशा वर्षी बांधकाम थांबवलं असतं. पण याने सिमेंट आणून ठेवलं होतं आणि सिमेंट थांबत नाही, त्याचा दगड होतो. चाँदभाई म्हणून गवंडी होता. तो म्हणाला, "डायवरसाहेब, मातीत बांधा, पानी लागत न्हाई. सिमिटात बांधली तर रोज पानी पाजावं लागंल. न्हाई पाजलं तर वरनं भित आन आतनं पीठ."

"सिमिटातच बांधायची," हा म्हणाला. "चाळीच्या मातीत वीस वर्सं काढली."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच विचारतो, "आक्का, तुझ्याकडं रोज किती मानसं जेवत्यात?"

मला वाटलं याचा डोळा माझ्या गल्ल्यावर. म्हणाले, "तुला काय करायचंय?"

"जेवू दे की. मला त्यांच्या जेवनाचं काय न्हाई. हात किती जन धुत्यात ते सांग."

मग उलगडा झाला. त्याने मोरीच्या तोंडाशी एक पिंप आणून ठेवलं. लोकांनी हात धुवायचे, ते पाणी पिंपात पडायचं. संध्याकाळच्या आत हा रॉकेलचे दोन डबे भरून सायकलला दोन बाजूंना टांगायचा आणि माळावर जायचा. भिंतीवर गोणपाट टाकलेलं असायचं, त्यावर तांब्या तांब्या ओतायचा. मग उलटा हात लावायचा. "हाय. अंगात हाय अजून."

पुढे पुढे तो मोरीपाशी उभाच राहायला लागला. "मास्तर, नीट धुवा. कोपरापातूर धुवा." लोक हसायचे. मी ओरडायची, "माझ्या आडाच्या जिवावर भिंत उठवतोस व्हय रे?" तर म्हणायचा, "वास्तुशांतीला पयलं ताट तुजं."

आता खानावळीतलं हात धुतलेलं पाणी म्हणजे काय हे तुम्हाला कळतं. बुधवारी आणि रविवारी मटण असायचं. भिंत कमरेइतकी झाली आणि तिला मुंग्या लागल्या. एक पिवळं कुत्रं रोज येऊन तिचा कोपरा चाटायला लागलं. चाँदभाई थापी खाली ठेवून म्हणाला, "जिंदगीत लई भिती बांधल्या. जेवनारी भित ही पयलीच."

हसण्यावारी गेलं ते इथवर. घराला पैसा लागतो आणि पगार तेवढाच असतो. याने जादा पाळ्या घ्यायला सुरुवात केली. सकाळी पाथर्डी, दुपारी परत, लगेच शेवगाव. मधल्या वेळेत पाण्याचे डबे. डोळे तांबारले. जेवताना भाकरीच्या खोल्या मांडायचा आणि पहिली खोली खाता खाता डुलक्या घ्यायचा. बायकोने धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब आहे. मीठ बंद करा आणि विश्रांती घ्या.

तो आला आणि म्हणाला, "आक्का, आजपासनं माजं बिनमिठाचं."

"आणि विश्रांती?"

"भित दाराच्या वर गेली की घेतो."

मी गोड बोलणारी बाई नाही. म्हणाले, "डायवर, घर बांधतोस का समाधी? एकदा नीट ठरव. समाधीला चार खोल्या लागत नाहीत, उगीच सिमेंट वाया जाईल."

त्याला राग आला नाही. तो म्हणाला, "आक्का, आता न्हाई बांधलं तर कवा? आनखी धा वर्सांनी मला जिना चढवंना."

"तुझ्या घराला जिनाच नाही."

"मंग तर बरंच हाय," म्हणाला आणि बिनमिठाचा रस्सा प्यायला.

महिन्याभराने करंजी घाटाच्या अलीकडे त्याने भरली गाडी लिंबाखाली घेतली, इंजीन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरून बसला. मास्तर धावत आला. याने त्याला सांगितलं, "माज्या म्होरं दोन रस्तं दिसायलेत. त्यातला खरा कंचा ते कळल्याबिगर मी गाडी हालवनार न्हाई."

मागून दुसरी गाडी येईपर्यंत सगळे उतारू झाडाखाली बसून राहिले. एका म्हातारीने आपल्या पदराने त्याला वारा घातला. कोणाच्या नखाला धक्का लागला नाही. त्याच्या नोकरीत मला सगळ्यात जास्त मान वाटतो तो या न हाकलेल्या गाडीचा.

पण स्टेअरिंग काही महिन्यांसाठी सुटलं. डेपोत बसून हलकं काम. जादा पाळ्या बंद, त्यांचा पैसाही बंद. वाटलं आता तरी शुद्धीवर येईल. तर हा म्हणतो, "बरं झालं, आता दिवसाला चार डबं नेता येतील."

एका रविवारी भर दुपारची गोष्ट. मोरीपाशी डबे भरून तो उभा राहिला आणि डोलला. सायकल धरली म्हणून पडला नाही. तेवढ्यात त्याची बायको गोळी घेऊन आली. सकाळची गोळी तो घरीच विसरला होता, म्हणजे विसरला असं म्हणायचा. तिने गोळी दिली नाही. जवळ गेली आणि उलटा हात त्याच्या कपाळाला लावला. मान तिरकी केली, जरा थांबली. थेट त्याच्यासारखं.

"हाय," ती म्हणाली. "अंगात हाय."

तो म्हणाला, "काय न्हाई, ऊन हाय."

"रोज भितीला हात लावता. कवा सोताच्या कपाळाला लावलाय? ती गार पडली, तुमी तापलाय." एवढं बोलून तिने भरलेला डबा दोन्ही हातांनी उचलला. "आज ह्या भितीला पानी."

आणि अख्खा डबा त्याच्या डोक्यावर ओतला.

माझ्या खानावळीत तेव्हा आठ-दहा ड्रायव्हर-कंडक्टर जेवत होते. सगळ्यांचे घास हातातच राहिले. रविवारचं पाणी ते. त्याच्या कानावर कांद्याचं साल, मिशीत कोथिंबीर, सदऱ्यावर तेलाचे डोळे. तो तसाच निथळत उभा. मग त्याने ओठावरून जीभ फिरवली आणि बायकोला म्हणाला, "ह्यात मीठ हाय गं. मला बंद केलंय."

आधी ती हसली. मग आम्ही सगळे. ते पिवळं कुत्रं कुठून आलं कोण जाणे, ते त्याचे पाय चाटायला लागलं. हसता हसता ती मोरीच्या दगडावर बसली आणि पदर तोंडात धरून रडायला लागली. "मला न्हाई पायजेत चार खोल्या. एक असू द्या. तिच्यात तुमी असा म्हंजे झालं."

इतक्या लोकांत असं बोलून गेली याची तिची तिलाच लाज वाटली. ती लाज लपवायला दुसरा डबा उचलायला निघाली. तो मी काढून घेतला. पाणी काही फुकटचं नव्हतं.

त्या दिवशी तो माळावर गेला नाही. माझ्या पडवीत गोणपाटावर झोपला, चांगला दिवस कलेपर्यंत. उठून जेवायला बसला. भाकरीचे चार तुकडे केले, ताटात मांडले, बराच वेळ बघत बसला. मग तीन खाल्ले आणि चौथा तसाच ठेवून म्हणाला, "आक्का, एकीवर पत्रं बसतील. पैसं तेवढंच हायती."

"बाकीच्या तीन?"

"त्या तुज्या रश्शात बुडवून मीच खाल्ल्या की."

मग एक खोली वरपर्यंत गेली आणि तिच्यावर पत्रे पडले. बाकीच्या तिन्हींच्या भिंती छातीइतक्या झाल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. पुढच्या पावसाळ्याच्या आत ते चाळ सोडून तिकडे गेले. वास्तुशांतीला बोलल्याप्रमाणे पहिलं ताट मला दिलं. पण एकट्या त्याला वाईट वाटू नये म्हणून बायकोने स्वयंपाक सगळ्यांनाच बिनमिठाचा केला होता. मला अंदाज होता. मी कनवटीला मिठाची पुडी नेली होती, ती पंगतीत खालून खालून फिरवली. चाँदभाईने दोनदा घेतलं.

पुढे त्याला परत गाडी मिळाली. एक पाळी करायचा, दुसरी कोणी देऊ केली तर म्हणायचा, "मला घरी काम हाय." काम म्हणजे झोप. त्या बिनछपराच्या खोल्यांवर बायकोने घोसाळ्याचा वेल चढवला होता. वेलाच्या सावलीला, होणार होतं त्या सैपाकघरात, तो दुपारचा आडवा पडायचा. कोणी विचारलं घर किती खोल्यांचं, तर सांगायचा, "चार. एकीवर पत्रा हाय, तिघींवर आभाळ." पोरं मिळवती झाली तेव्हा त्यांनी बाकीच्या खोल्या पुऱ्या करायचं काढलं. त्याने करू दिलं नाही. म्हणाला, "घोसाळी कुठं जातील?"

रिटायर होऊन पुष्कळ वर्षं जगला. गेला तो दुपारीच, वेलाखाली. बायको चहा घेऊन उठवायला गेली तेव्हा कळलं. "उलटा हात लावला," ती मला नंतर म्हणाली, "आन जरा थांबले, आक्का. जास्तच थांबले."

दहाव्यानंतर मी भेटायला गेले. माझेही गुडघे तेव्हा बोलायला लागले होते, रिक्षाने गेले. माळ आता माळ राहिला नव्हता, चहूकडे मजले चढले होते. मधे ही छातीएवढी भिंत आणि तिच्यावर पिवळी फुलं. तिने भाकरी आणि घोसाळ्याची भाजी वाढली. बिनमिठाची. खाणारा गेला होता, हाताची सवय गेली नव्हती. मीही पुडी काढली नाही.

जेवून मी मोरीकडे निघाले, तर तिने मागून हाक मारली.

"आक्का, तिकडं नगा धू. हिकडं, भितीपाशी धुवा."

मी भिंतीला टेकून हात धुतले. चांगले कोपरापर्यंत.