मागून आणलेली कणीक

त्या हिवाळ्यात माझा देवावरचा भरवसा उडत चालला होता, हे आधीच सांगून टाकतो. चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे मी, गोड करून लिहिता येत नाही. चाळीस वर्षं भजनी मंडळीत पखवाज वाजवला. मार्गशीर्ष लागला की रायपुरातून निघायचं. दुर्ग, धमतरी, राजनांदगाव, जिथं चार मराठी घरं आणि एक देऊळ असेल तिथं उतरायचं. शाळेच्या वऱ्हांड्यात झोपायचं, सकाळी शेकोटीवर बोटं मोकळी करायची. पण त्या वर्षी डावा हात जड पडून राहिला होता. कोणाला बोललो नाही. देवालाच म्हणायचो, इतकी वर्षं तुझ्यासाठी वाजवलं आणि तू माझा हातच नेऊन राहिला.

आमचे पेटीवाले भाऊराव मंडळीचे प्रमुख. त्यांना ते समजलं असावं. दत्तजयंतीला अभनपूरच्या पुढे एका गावात भजन होतं. सकाळी रायपूरच्या पुरानी बस्तीत माझ्या दारासमोर जीप उभी करून ते म्हणाले, "काका, आज जन्माच्या वेळेले जमलं तर ठीक. नाहीतर पुढल्या साली ढोलकवाला सांगतो, तुम्ही टाळ धरा. अन् पखवाज टपावर बांधू द्या, आत जागा नाही."

"टपावर तुम्ही बसा," म्हटलं मी. पखवाज खांद्याला लावला आणि बसनं गेलो.

त्या रागात घोटाळा झाला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला गव्हाची ओली कणीक थापावी लागते, तेव्हा तो घुमतो. नाहीतर नुसता डबडा. ती कणीक मी घरी स्वतः मळून डब्यात घेत असे. दुसऱ्याच्या दारचं पीठ लावायचं नाही, हा माझा बाणा. तो डबा ओट्यावरच राहिला. देवळात पोचून थैली उघडली तेव्हा कळलं.

देऊळ शेतात. यजमान शहरातून एका दिवसापुरते आलेले. महाप्रसादाला भात, डाळ, खीर. गव्हाचा कण नाही. भाऊरावांना सांगितलं असतं तर तिथंच टाळ हातात आले असते. म्हणून गुपचूप गावात गेलो. तीन दारी पीठ विकत मागितलं. एक बाई म्हणाली, "गहूं के पिसान नइ हे बबा, चाऊर के हे." तांदळाचं पीठ चामड्याला धरत नाही. दत्ताचा जन्म सूर्य मावळताना, आणि ऊन तर झाडांच्या शेंड्यावर गेलेलं.

सडकेनं परत येताना मी देवाला नाही नाही ते बोललो. कडेला सिलतऱ्याच्या कारखान्यातून लोखंड घेऊन निघालेला एक ट्रक बिघडून उभा होता. रायपूर राजधानी झाल्यापासून या ट्रकांनी सडक खाल्ली म्हणून मी त्यांच्या नावानं बोटं मोडायचो. ड्रायव्हर स्टोव्हपाशी बसून परातीत कणीक मळत होता. मी पाहिलं, आणि पुढे निघून गेलो. परक्याच्या ताटातलं मागणं माझ्या तोंडून निघेना.

मागून त्यानंच हाक मारली, "बाबा, ठंड बहुत है. हाथ सेंक लो."

बसलो. हात शेकले. मग कसंबसं म्हटलं, "थोडा आटा दोगे? पैसे देता हूँ."

"भूख लगी है?"

"मुझे नहीं. पखवाज को."

तो हसला. "अच्छा, ढोल भी रोटी खाता है?" आणि परातीतला मोठा गोळा तोडून माझ्या हातावर ठेवला. "पैसा रखो. नमक डाला है, देख लेना."

मीठ चामडं खातं. मिठाची कणीक दुसऱ्या कोणी दिली असती तर मी चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी दोन्ही हात पुढे केले.

जन्माचा गजर सुरू झाला. हात जडच होता. तो बरा झाला असं मी म्हणणार नाही. पण ती कणीक सैल होती, मिठामुळे असेल, त्या कोरड्या वाऱ्यात सुकली नाही. हात नुसता टेकला तरी पखवाज भरून बोलत होता. आयुष्यभर मी जोर लावत आलो. त्या संध्याकाळी जोर नव्हताच, म्हणून हात सोडून दिला, आणि आवाज आपोआप येत गेला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता.

गजर संपल्यावर भाऊराव जवळ आले. "काका, आज काय लावलं हो?"

"मागून आणलं," म्हटलं. ढोलकवाल्याचं ते पुन्हा बोलले नाहीत.

पंगत बसली तेव्हा सडकेवर जाऊन ड्रायव्हरला घेऊन आलो. पंगतीत मी कधी वाढलं नव्हतं, वादकाचं ते काम नाही असं मानायचो. त्याला भात मी वाढला. "चावल से अपना पेट नहीं भरता बाबा," म्हणत तो तीनदा जेवला.

मंडळीतले लोक म्हणतात, साक्षात दत्त आले होते. मी तसं म्हणत नाही. त्याच्या नखांत काळं ग्रीस होतं, ते मी पाहिलं. नाव विचारायचं राहून गेलं. पण मी तोंड फिरवून पुढे गेल्यावरही मागून हाक आली, एवढं खरं. ती हाक देणाऱ्याचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. हात आजही जडच आहे. आता मी त्याबद्दल देवाशी भांडत नाही.