वाचणारीची टोपली

“थांबा, हात पुसू द्या,” असं म्हणून बाई ओल्या फडक्यानं एकेक बोट पुसायच्या. बेदाणा भारी चिकट. पानं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ही खटपट. मग खांबाला टेकून त्या पुस्तक उघडायच्या.

तासगावजवळच्या एका शेडमध्ये आम्ही बायका बेदाण्यातल्या काड्या निवडायचो. तिथं एक रीत होती. जी वाचून दाखवेल, तिची टोपली बाकीच्यांनी भरायची. अधूनमधून प्रत्येकीनं आपली एक ओंजळ तिच्याकडे टाकायची, म्हणजे काट्यावर तिचं वजन कमी पडत नसे. आधी पोथी असायची. बाई आल्या आणि त्यांचं स्वतःचं पुस्तक आलं.

बाई पूर्वी गावच्या बालवाडीत शिकवायच्या. मग मनाचं दुखणं झालं, मिरजेच्या दवाखान्यात बरेच महिने गेले. बऱ्या होऊन आल्या, पण बालवाडी गेली ती गेली. त्या दुखण्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तरी मला ते सगळं कळलं. ‘मला वेड लागलं तेव्हा मी ओरडले नाही. मी वेणी घालायची थांबले,’ अशी त्याची सुरुवात होती. तुम्हीही अशी एखादी गप्प झालेली बाई पाहिली असेल.

शेडमधल्या वयानं मोठ्या आक्का रोज म्हणायच्या, “ते धाकल्याला सोडायचं पान वाचा.” लेकराची जबाबदारी आपल्याला झेपत नाही, हे बाईंना एका सकाळी कळलं. त्यांनी मुलाला न्हाऊ घातलं, तेल लावलं, बहिणीकडे नेऊन सोडलं आणि एकट्या मिरजेला गेल्या. त्या पानाला सगळ्यांचे हात थांबायचे. मालक लांबून खोकायचा.

पुढे त्या पुस्तकावर पुण्याच्या लोकांनी सिनेमा काढला. तो सांगलीच्या टॉकीजला लागला तेव्हा आम्ही सगळ्या एसटीनं गेलो. बाईंना गजरा माळला, मधल्या खुर्चीवर बसवलं. आम्हाला वाटलं होतं, पुस्तक जसं ऐकलं तसंच पडद्यावर दिसणार.

पडद्यावरची बाई केस सोडून किंचाळत होती. लोकांना चावत होती. मग तिनं लेकराला धरून विहिरीकडे ओढलं. लोकांनी लेकरू सोडवलं आणि तिनं उडी घेतली. दिवे लागले तेव्हा सगळं टॉकीज डोळे पुसत होतं.

“मला मारूनच टाकलं की गं,” बाई हसून म्हणाल्या. मी शेजारी होते. त्यांच्या मुठीतले शेंगदाणे तसेच होते, एकही खाल्ला नव्हता.

कारण मला ठाऊक होतं. बालवाडीची जागा नुकतीच रिकामी झाली होती. बाईंना घ्यायचं की नाही, हे त्याच आठवड्यात गावातल्या आया ठरवणार होत्या. आणि सिनेमा निम्म्या गावानं पाहिला होता.

बैठक समाजमंदिरात भरली. एक तरुण आई कडेवरचं पोर सावरत म्हणाली, “बाई, राग मानू नका. पर ती इहीर बघितल्यापासनं मला भ्या वाटतंय.”

“मलाबी वाटलं,” बाई म्हणाल्या. दोघीचौघी हसल्या. मग त्या म्हणाल्या, “पुस्तकात काय हाय ते मी सांगत न्हाई. ह्यांना इचारा.”

आक्कांना अक्षर येत नाही. पण त्यांनी ते पान तोंडानं सुरू केलं. न्हाणं, तेल, बहिणीचं दार. त्या अडल्या तिथून दुसरीनं उचललं, मग तिसरीनं. शेवटचं वाक्य राहिलं आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. चार माणसांत मी कधी तोंड उघडलेलं नाही. खाली बघूनच म्हणाले, “मी त्याच्या खिशात रुमाल ठेवला आणि एसटीत बसले.”

तरुण आईनं पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. “म्हंजे लेकराला धक्का लागू नये म्हणून सोडलं व्हय?”

“व्हय,” बाई म्हणाल्या.

“मग सिनेमात हे का दावलं न्हाई?”

“मीबी इचारलं. सिनेमावाले म्हणले, त्यात बघण्यासारखं काय न्हाई.”

“डोळं फुटलं व्हतं का त्यांचं,” आक्का म्हणाल्या, आणि बैठक तिथंच संपली.

सोमवारी बाईंनी बालवाडीचं कुलूप काढलं. पहिलं पोर त्या तरुण आईचंच आलं, रडत. त्याच्या सदऱ्याच्या खिशात घडी घातलेला रुमाल होता.

त्या दिवशी शेडमध्ये खांबापाशी कुणी नव्हतं. बाईंची टोपली मात्र तिथंच होती. सवयीनं एकीनं ओंजळ टाकली, मग दुसरीनं. दुपारपर्यंत टोपली काठोकाठ भरली.

मालक वजन करायला आला. “ही कुणाची?”

“वाचणारीची,” आक्का म्हणाल्या.

“मग वाचणारी कुटं हाय?”

आक्कांनी रस्त्यापलीकडच्या बालवाडीकडे बोट केलं. तिथं बाई आधी एक ओळ म्हणत होत्या आणि मागून सगळी पोरं मोठ्यानं तीच ओळ म्हणत होती. मालक जरा वेळ ऐकत उभा राहिला. मग त्यानं ती टोपली काट्यावर ठेवलीच नाही. “पोरांना द्या जावा,” म्हणाला.

टोपली नेली मी. बाईंनी मला दारात बघितलं, आणि मागं वळून पोरांना म्हणाल्या, “थांबा, आदी हात पुसा.”