तिराओगोच्या हक्काच्या शिव्या

तिराओगो बेलेमचं नाव झाडावरून पडलं होतं. आईची आधीची लेकरं जगली नव्हती. म्हणून हा जन्मला तेव्हा तिनं त्याला गावाबाहेरच्या चिंचेच्या बुंध्याशी ठेवलं आणि म्हणाली, "घे बाई, हा तुझा. मी नुसती दूध पाजणार." पुढं मोठ्या दुष्काळात ती चिंच वाळली आणि सरपणाला गेली. तिराओगो तेवढा राहिला. कुणी विचारलं की सांगायचा, "आई गेली माझी, पोरका आहे. आता तिची भावंडं मलाच वाढवावी लागणार."

हा माणूस गाढवगाडीवरून दगड वाहायचा. जन्मभर तेच केलं. तांगतेंगा गावात असं एकही शेत नव्हतं, जिथं त्याच्या गाडीतला दगड पडला नव्हता. दुष्काळानंतर जमीन अशी कडक झाली होती, की कुदळ मारली तर मडक्यावर मारल्यासारखी वाजायची. पाऊस पडायचा आणि पाहुण्यासारखा उभ्याउभ्या निघून जायचा. तेव्हा तिराओगोनं आपल्या माळावर आडवे दगडी बांध घालायला घेतले. बांधाच्या वरच्या अंगाला आळी खोदायची, त्यात शेळ्यांच्या लेंड्या टाकायच्या आणि वर बाजरी पेरायची. आता शेळी कुठं कुठं चरते, काय काय खाते, तिचं तिलाच ठाऊक! लेंड्यांतून बाजरीबरोबर झाडंही उगवली. शेजारी म्हणाले, "उपट ती." तिराओगो म्हणाला, "माझ्या मावशा आहेत, उपटू कशी?"

अशी त्याची राई झाली. तेलबियांची शिआची झाडं झाली, बाभळी झाल्या, मधमाश्या आल्या. त्याची बायको पोको त्या राईत शिआची फळं गोळा करताना गाणं म्हणायची आणि तिराओगो दगड उतरवता उतरवता चुकीच्या जागी तिला साथ द्यायचा.

पण राईच्या वरच्या अंगाला एक घळ होती. ती खाली यायची शेजारच्या सामो जमातीच्या डोंगरावरून. वोरो नावाचं सामोंचं गाव त्या डोंगराच्या कुशीत होतं आणि डोंगर न्हाव्यानं तासावा तसा बोडका झाला होता. सगळ्या मुलखाची गुरं तिथं चरायची, सगळ्यांच्या कुऱ्हाडी तिथं चालायच्या. पावसाळ्यात पाणी तिथून सुटलं की घळ राईकडं सरकायची. गेल्या पावसाळ्यात काठावरच्या शिआची मुळं उघडी पडली होती. वरचा डोंगर बंद झाला नाही, तर आणखी थोड्या वर्षांत घळ सगळी राई गिळणार, हे पोकोलाही दिसत होतं आणि गाढवालाही.

डोंगराचा धनी होता वोरोचा भूमिपुजारी, आम्ब्रोज तोए. त्याच्या शब्दावाचून त्या मातीत कुणी काठीसुद्धा रोवत नसे. आणि हा आम्ब्रोज तिराओगोचा जिवाभावाचा दोस्त. म्हणजे भेट झाली की दोघं एकमेकांना मनसोक्त शिव्या द्यायचे. मोस्सी आणि सामो यांचं थट्टेचं नातं आहे, पणज्यांच्या पणज्यांपासून चालत आलेलं. मोस्स्यानं सामोला काहीही बोलावं, सामोनं मोस्स्याला काहीही बोलावं, पण राग धरायचा नाही आणि हात उगारायचा नाही. तिराओगो म्हणजे मोस्सी.

"आला का गाढवांचा जावई!" आम्ब्रोज लांबूनच ओरडायचा. "सासुरवाडी गाडीला जुंपून आणलीस?"

"मिशीला केस कसले रे चिकटलेत, आम्ब्रोज? सकाळी सकाळी कुत्र्याचं मुंडकं खाल्लंस वाटतं?"

"गुलामा, आमच्या आजोबांकडून पळालास, निदान कुदळ तरी परत कर!"

मग दोघं एकाच तुंब्यातून ज्वारीची दारू प्यायचे आणि डोंगराचं बोलायचे. माथ्यापासून पायथ्यापर्यंत एकदम काम झालं पाहिजे, हे आम्ब्रोजच पहिल्यांदा बोलला होता. वर सामो, मध्ये मोस्सी, खाली हद्दीपलीकडे मालीतले दोगोन, आणि सगळ्यांमधून फिरणारे फुलानी गुराखी. पाणी एकच, तर योजनाही एकच हवी. आम्ब्रोजनं हे जिल्ह्याच्या गावी जाऊन काफान्दोबाईंना सांगितलं. या वनखात्याच्या बाई, हुशार, स्वतः मोस्सी. त्यांनी खटपट करून सगळ्यांची सभा ठरवली.

आणि सभेच्या जरा आधी आम्ब्रोज तापानं गेला.

आता इथं काय घडायला हवं होतं ते सांगितलं पाहिजे. सामो मेला की मोस्स्यानं रडायचं नसतं. त्यानं जाऊन धिंगाणा घालायचा असतो. आम्ब्रोजचा बाप गेला तेव्हा तिराओगोनं खोदलेल्या खड्ड्यात उडी मारली होती आणि आत ऐसपैस झोपून सांगितलं होतं, "जागा थंडगार आहे, मी सोडत नाही. म्हाताऱ्याला घरी घेऊन जा, त्याची ज्वारी खुरपायची राहिलीय!" एक कोंबडं आणि दारूचं मडकं कबूल केल्यावर तो वर आला होता. सामोंच्या बायका हसून हसून डोळे पुसत होत्या. घरावरचं दुःख असं उचलून बाहेर टाकायचं, हे थट्टेच्या नातलगाचं काम. ते दुसऱ्या कुणाला जमत नाही आणि शोभतही नाही.

आम्ब्रोजच्या वेळीही तिराओगो धिंगाण्याच्या तयारीनंच निघाला होता. गळ्यात गाढवाची घंटा बांधली होती. पण दारात आम्ब्रोजच्या चपला दिसल्या. एका चपलेचा अंगठा त्यानं तारेनं बांधलेला होता. तयार करून आणलेली शिवी राहूनच गेली. तो भिंतीला टेकून मटकन बसला आणि टोपी तोंडात कोंबून हमसाहमशी रडला. पोकोनं चिमटा काढला, कोपर मारलं, काही उपयोग झाला नाही. रडून झाल्यावर तो उठला आणि आम्ब्रोजचा धाकटा भाऊ फिदेल, जो आता भूमिपुजारी होणार होता, त्याला म्हणाला, "फार मोठा माणूस गेला."

फिदेलनं दोन्ही हातांनी पाण्याचा तुंबा पुढं केला. "आपण एवढ्या लांबून आलात, बाबा. आपले उपकार आहेत."

तिराओगोला तेव्हा काही उमगलं नाही. काहीतरी बिनसलंय हे कळलं ते सभेत.

सभा दोन्ही गावांच्या मधल्या कडुनिंबाखाली भरली. काफान्दोबाईंनी जमिनीवरच सगळा मुलूख मांडायला लावला. राखेनं ओढा काढला, खापरांची घरं केली, खड्यांचे बांध केले. जिथं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी करायची तिथं हिरवी डहाळी खोचायची. दोगोनांनी हद्दीपलीकडचं आपलं तळं मांडलं आणि त्याच्या कडेनं डहाळ्या लावल्या. हम्मादुम नावाच्या म्हाताऱ्या फुलानी गुराख्यानं गुरांची वाट दाखवायला कमरेची दोरी सोडून पसरली आणि म्हणाला, "एवढी मोकळी सोडा, बाकी तुमचं तुम्ही बघा. आणि दोरी परत द्या, लुंगी सुटेल माझी." तिराओगोनं आपली राई मांडली, घळ मांडली. राहिला वरचा डोंगर.

"फिदेल, डोंगरावर डहाळी लावायची ना?" तिराओगोनं विचारलं. "आम्ब्रोजचं आणि माझं बोलणं झालं होतं."

फिदेल उठला. हात जोडून म्हणाला, "बाबा, आपण वडीलधारे आहात. आपल्या सूचनेचा आम्ही आदरानं विचार करू."

तिराओगोनं घाईघाईनं एक शिवी टाकून पाहिली. "विचार कशानं करणार? डोकं तर कुत्र्याचं खाता!"

एकही सामो हसला नाही. फिदेल नुसता मान लववून म्हणाला, "आपलं म्हणणं बरोबर असेल, बाबा."

डोंगराची जागा मोकळीच राहिली. पांगापांग होताना काफान्दोबाई तिराओगोला गाठून हळूच म्हणाल्या, "बाबा, सभांमध्ये मी काठ्या चाललेल्या पाहिल्यात, पण आजच्याएवढी कधी घाबरले नाही. सामो मोस्स्याला 'आपण' म्हणतोय! काय केलंत तुम्ही?"

"काही नाही गं पोरी. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलव सगळ्यांना. बघतो मी."

घरी आल्यावर पोकोनं बाजरीचा गोळा आणि गोरखचिंचेच्या पाल्याचं कालवण पुढं ठेवलं. त्यानं बोट बुडवलं आणि काढून घेतलं.

"काय केलं मी, पोको?"

"रडलास."

"दोस्त गेला तर रडू नको?"

"घरी येऊन रडायचं होतंस, मी काय अडवलं असतं? तिथं जाऊन परक्यासारखा रडलास. 'फार मोठा माणूस गेला' म्हणे! दुकानदार म्हणतो तसं. त्यांना वाटलं, या मोस्स्यानं नातं तोडलं. परक्याशी माणसं सभ्यपणानं वागतात. तशी ती वागली."

"मग उद्या जाऊन माफी मागतो."

पोकोनं कपाळावर हात मारला. "जा, माग! म्हणजे ते तुला खुर्ची देतील, पाणी देतील आणि 'आपण कशाला त्रास घेतलात' म्हणतील. आधीच सभ्यपणाच्या खड्ड्यात पडलायस, आता वरून माती ओढून घे."

खरं होतं तिचं. तिराओगोनं खूप विचार केला. माफी मागायची सोय नव्हती, कारण माफी हीच जास्तीची सभ्यता. मग राहिलं काय? उशिरा का होईना, हक्क सांगायचा. पण शोकातल्या घरात, ज्यांनी नातं सुटलं असं धरलंय त्यांच्या दारात जाऊन शिव्या द्यायच्या, आणि त्यांनी नातं पुन्हा धरलंच नाही, तर? तर तो निव्वळ मयताच्या दारात घातलेला गोंधळ. काठ्या पडल्या असत्या आणि त्या पडणंच बरोबर ठरलं असतं. डोंगरही गेला असता, राईही.

तरी दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर तो वोरोत शिरला. मेलेल्याची नक्कल करायची हाही धिंगाण्यातलाच रिवाज, म्हणून आम्ब्रोजसारखा एक खांदा पाडून, पाय फेकत, नाकात बोलत. मागं गाडी, गाडीत पोको. ती म्हणाली होती, "मारलंच तर उचलून कोण आणणार?"

आम्ब्रोजच्या अंगणात त्याची विधवा मोनिक ज्वारी कांडत बसली होती. फिदेल सावलीत दोरी वळत होता. आणखीही माणसं होती.

"कुठाय माझा आम्ब्रोज?" तिराओगो गरजला. "मला न विचारता पुरलात? माझा गुलाम, माझ्या परवानगीवाचून मरतोच कसा? खणा! खणून काढा त्याला! आणि ही त्याची बायको बघा, कांडतेय! नवरा गेला तरी हिची भूक गेली नाही!"

मुसळ थांबलं. तिराओगोनं पाडलेला खांदा सरळ केला नाही.

मोनिक उठली. कोपऱ्यातलं खरकट्याचं भांडं उचललं, शांतपणे जवळ आली आणि ते सगळं त्याच्या डोक्यावर ओतलं.

"नाकगळ्या मोस्स्या!" ती ओरडली, आणि ओरडता ओरडता तिचा आवाज हसण्यात फुटला. "इतका उशीर? वाटेत तुझी गाढवीण बाळंत झाली होती का? एवढे दिवस हे घर तुझी वाट बघून तुंबलंय, आणि तू येऊन बायकांसारखा रडून गेलास! आमचे डोळे काय फुटले होते रडायला?"

अंगणात एकदम हशा उसळला. तिराओगोच्या कानावरून भेंडीचं कालवण ओघळत होतं. त्याला वाटलं, इतकं गार पाणी जन्मात अंगावर पडलं नव्हतं.

फिदेल वळत असलेली दोरी घेऊनच आला. "धरा रे याला! पळून गेलेला सापडलाय!" दोघातिघांनी तिराओगोला बकरीच्या खुंटाला बांधलं. बकरी जरा सरकून बसली.

"याला सोडवायचं काय देतेस, म्हातारे?" फिदेलनं पोकोला विचारलं.

"ठेवून घ्या," पोको गाडीतूनच म्हणाली. "खातो फार. गाढव मात्र मी घेऊन जाते, ते कामाचं आहे."

मोनिक हसता हसता खाली बसली. मग ती रडलीही, पण ते वेगळं रडणं होतं, मोकळं. पोको उतरून तिच्याजवळ जाऊन बसली.

खुंटाला बांधलेला तिराओगो म्हणाला, "फिदेल, कुत्रेखाऊ, डोंगराचं बोल."

"गुलामानं डोंगर मागावा? बाप जिवंत असता तर हसून पुन्हा मेला असता." फिदेल त्याच्यासमोर उकिडवा बसला. मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "दादानं सगळं सांगितलं होतं मला. मलाही तेच हवंय. पण परक्याच्या शब्दावर डोंगर बंद केला आणि उद्या तो उलटला, तर मी गावाला काय तोंड दाखवू? तू परका झाला होतास."

"आणि आता?"

"आता तू खुंटाला आहेस. आता काय भीती?"

पुढच्या आठवड्यात पुन्हा कडुनिंबाखाली सभा भरली. फिदेल आला तो हिरव्या डहाळ्यांचा भाराच घेऊन. डोंगराच्या जागेवर एकेक डहाळी खोचत गेला. म्हणाला, "लिहून घ्या, बाई. पुढचे तीन पावसाळे या डोंगरावर ना कुऱ्हाड चालेल ना चराई. म्हणजे या माणसाच्या सोयऱ्यांना, जे चार पायांवर चालतात, त्यांना आमच्या डोंगरावर पाय ठेवता येणार नाही."

"आणि दगड कोण वाहणार, तुझी कुत्री?" तिराओगो ओरडला. "माझे सोयरे दगड घेऊन वर जाणार, उतरताना मोकळे येणार. लिही पोरी!"

"तोंडाला जाळी बांधून!"

"तुझ्या तोंडाला आधी बांध!"

मालीहून आलेला एक दोगोन पाहुणा घाबरून हम्मादुमकडं वळला. "हे आता मारामारी करणार का?"

"छे," हम्मादुम म्हणाला. "जमलं त्यांचं. आता माझ्या गुरांची वाट तेवढी बघ, या दोघांच्या प्रेमात तुडवली जाईल." त्यानं पुन्हा दोरी सोडली. डोंगराला वळसा घालून ती कशी न्यायची यावर मात्र खरा वाद झाला आणि तो दुपारपर्यंत चालला. काफान्दोबाईंनी शेवटी वाट ओढ्याच्या पलीकडून नेली. दोगोनांनी आपल्या तळ्यावर गुरांना पाण्याला येऊ दिलं, फुलान्यांनी वरचा डोंगर सोडला. कुणीच पुरतं खूश झालं नाही, म्हणून सगळ्यांना ते पटलं.

सभा उठल्यावर मोनिकनं मोठ्या घमेल्यात बाजरीचा गोळा आणि कालवण आणलं. आम्ब्रोज गेल्यापासून तिराओगोला अन्न गोड लागलं नव्हतं. आज तो घमेल्याशी बसला, बाह्या सरसावल्या आणि जेवायला लागला. फिदेलनं त्याच घमेल्यात हात घातला. समोरचा मोठा तुकडा कुणी घ्यायचा यावरून दोघांची जुंपली. मोनिक पळीनं दोघांच्या बोटांवर मारत होती आणि पोको झाडाखाली आडवी होऊन म्हणत होती, "बांधा गं त्याला, पुन्हा बांधा."