कापडकार आणि बाजारातले पाणी

नगरपालिकेच्या सभेत कापडकार पैसे मागायला उठले की शुद्ध मराठीत बोलत आणि भांडायला उठले की कोंकणीत. मराठी की कोंकणी या भाषावादापायी तेव्हा गोव्यात सख्ख्या भावांनी अबोला धरला होता. कापडकारांना कुणी विचारले, "तुम्ही नेमके कुठल्या बाजूचे?" तर ते म्हणत, "विषय कोणता आहे त्यावर." बाजारात माझे भांड्यांचे दुकान त्यांच्या कापडाच्या दुकानाला लागून आणि सभेतली खुर्चीही शेजारची. त्यामुळे दोन्ही भाषा मला अगदी जवळून ऐकाव्या लागत.

डिचोली तालुक्यातला आमचा बाजार सखल जागी. दर पावसाळ्यात खाणींच्या डोंगरावरून तांबडे पाणी उतरे आणि सरळ दुकानांत शिरे. गोवा राज्य झाल्यावर या पाण्याच्या बंदोबस्तासाठी पालिकेच्या हाती बरे पैसे आले. सगळ्यांना डोंगरापासून नदीपर्यंत सिमेंटचे रुंद गटार हवे होते. एकटे कापडकार म्हणाले, "गटार अर्धेच करा. उरलेल्या पैशांत बाजाराच्या वरचे पडीक शेत खोल करा, काठाने वाळ्याचे गवत आणि बांबू लावा. पाणी तिथे थांबेल, जिरेल."

कुणीतरी हसले आणि कापडकार कोंकणीत शिरले. "उदक म्हळ्यार पावणो. ताका बसूंक दियात. धांवडायलो जाल्यार तो सगळ्यांक लोटून वतलो."

"मग या पाण्याच्या पाहुण्याला हाकलायला नको, तुमच्याच दुकानात बसवू या," नगराध्यक्ष म्हणाले. "तसाही तो दरवर्षी तिथेच बसतो."

कापडकारांनी वाद सोडला आणि तिन्हीसांजेला एकेका नगरसेवकाच्या घरी जाऊन बसायला सुरुवात केली. चहा होई, पाव होई, यजमानाच्या जांभया होत. कापडकार उठत नसत. माझ्याकडे आले तेव्हा माझ्या बायकोनेच आतून सांगितले, "अहो, हो म्हणा ना." ठराव असा पास झाला.

पहिल्याच पावसाने सगळी लावणी उपटून नेली. वाळ्याचे ठोंब वाहत बाजारात आले आणि कापडकारांच्या दुकानातल्या गुडघाभर पाण्यात तरंगू लागले. समोरचा किराणावाला एक ठोंब उचलून म्हणाला, "तुमचा पाहुणा सामान घेऊन आला." कापडकारांनी तो हातात घेतला, मुळे झटकली आणि बादलीत ठेवला. "मुळां धरूंक वेळ लागता," एवढेच बोलले.

पुढच्या निवडणुकीत लोकांनी त्यांना पाडले. तरी पाऊस थोडा उघडला की ते छत्री घेऊन वर जात आणि बेळगावकडच्या मजुरांबरोबर पुन्हा लावणी करत. हळूहळू बांबू वर आला, वाळ्याने काठ धरला. मग एका पावसाळ्यात पाणी बाजाराच्या तोंडाशी आले, रेंगाळले आणि दुकानांच्या उंबऱ्यांना न शिवता निघून गेले.

नुकसान झाले ते कापडकारांचेच. दर पुरानंतर ते भिजलेला माल स्वस्तात काढत आणि त्यासाठी अख्खा तालुका लोटे. चतुर्थीच्या आधीची त्यांची मोठी विक्री तीच. त्यांची बायको दुकानात बसून म्हणायची, "उदक अडायलें, आतां गिरायकांय अडलीं." कापडकार टेप गळ्यात अडकवून हसत. कोरडे कापड विकण्याचा आपल्याला सराव नाही, असे मला सांगत.

बायको गेल्यावर दुकान बंद करून ते मांद्र्याला लेकीकडे राहायला गेले. जावयाने पर्यटकांच्या गाड्यांसाठी अंगणभर सिमेंट घातले होते. एकदा जावई कामाला फोंड्याला गेलेला पाहून सासऱ्याने माणसे बोलावली आणि अर्धे अंगण फोडून घेतले. पुढे रोज संध्याकाळी, चहाच्या वेळी, दोघे त्या अंगणावरून तावातावाने बोलत. मी भेटायला गेलो तेव्हा लेक म्हणाली, "तुम्ही मध्ये पडू नका. दोघांनाही भूक लागते त्याने."

कापडकारांच्या बाराव्याला मी मांद्र्याला गेलो. जेवणे झाल्यावर जावयाबरोबर बाहेर उभा होतो. फोडलेल्या अर्ध्या भागात गवत माजले होते.

"आता सिमेंट पुरे करून घेणार?" मी विचारले.

त्याने पायाने गवत जरा बाजूला सारले.

"घालूं येता," तो म्हणाला. "पूण मागीर झगडतलों कोणाकडेन?"