कसं लागते, नीट सांग

उजव्या बरगडीखाली तळहात दाबून धरायचा, शेजारच्या ताटाकडे वाकून पाहायचं आणि विचारायचं, "कसं लागते? नीट सांग." माझ्या खाणावळीत सहा वर्षं जेवलेला हा माणूस मला आठवतो तो असा. त्याच्या स्वतःच्या ताटात मऊ भात, बिनफोडणीचं वरण आणि उकडलेला दुधी. डोळे मात्र दुसऱ्याच्या भज्यांवर.

तुमच्याही पंगतीला असा एखादा बसत असेल. दुसऱ्याच्या ताटात पाहणाऱ्याला आपण हावरट म्हणून मोकळे होतो. याच्या बाबतीत तसं म्हणता येत नव्हतं, कारण पूर्वी तो रश्श्याची वाटी तोंडाला लावून पिणारा माणूस होता आणि तेव्हा त्याचं लक्ष कधी दुसऱ्याच्या ताटाकडे गेलं नव्हतं.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता ते दिवस. आमचे हे टाइम ऑफिसात होते आणि मी कॅम्पातल्या आमच्या दोन खोल्यांत दहा-बारा माणसांना जेवू घालायची. सगळे भंडारा-नागपूरकडचे. बायका गावी, क्वार्टर मिळेल तेव्हा आणायच्या. हा गोंदियाकडचा, भातशेतीच्या घरातला. नंदिनीच्या खाणीतून भट्टीसाठी चुनखडीने भरलेल्या रेल्वेच्या वाघिणी येत, त्या रिकाम्या करण्याच्या कामावर तो होता.

पहिल्याच वर्षी एका दुपारी तो पोट धरून वाघिणीजवळ आडवा झाला. इस्पितळात पोट फाडून पित्ताची पिशवी काढली. तीन आठवड्यांनी परत आला तो खिशात एक बाटली घेऊन. औषधाची छोटी बाटली, आत वाटाण्याएवढे चार खडे. पंगतीला आयताच विषय मिळाला.

"नंदिनीची खाण तुह्या पोटात निघाली ना बे."

"भट्टीत टाक ते खडे. लोखंड चांगलं उतरन."

तोही हसायचा, बाटली हलवून खडे वाजवून दाखवायचा. खडे बाहेर आले म्हणजे दुखणं संपलं, असं सगळ्यांनी धरलं होतं. त्यानेही. पण ते संपलं नाही.

"खडे तं हे इथं आहेत," तो बाटली डोळ्यांसमोर धरून म्हणायचा. "मंग आतमधी दुखून काय राहिलं?"

तेलाचा तवंग पोटात गेला की अर्ध्या तासात धावावं लागे. तोंडाला कडू पाणी सुटे, पोट नगाऱ्यासारखं फुगे आणि बरगडीखाली कळ धरे ती संध्याकाळपर्यंत. डॉक्टर भला होता. काही जणांचं असं राहतं, म्हणाला, थोडं थोडं खा, तेल-तूप सोड. किती दिवस, हे त्यालाही सांगता आलं नाही. कामावर अर्धी वाघीण सोडून पळावं लागलं की मुकादम ओरडे, "फिर भागा?" ताप असता तर कपाळाला हात लावून पाहता आला असता. जखम तर भरून आली होती. दाखवणार काय?

मी हळहळत बसणारी बाई नाही. त्याचं वरण फोडणीआधी वेगळं काढू लागले, एवढंच. त्यानेही कधी आभार मानले नाहीत. फक्त फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायचा.

"सरका, ठसका लागेल," मी म्हणायची.

"लागू द्या वैनी. वासानं पोट दुखत नाही."

त्याला लिहिता येत नव्हतं. गावी बायकोला जाणारी पत्रं मीच लिहायची. ऑपरेशनच्या वेळी त्याने मला 'ताप आला होता, आता बरा आहे' असं लिहायला लावलं. मी विचारलं, का? तर म्हणाला, "पोट फाडलं म्हटलं तं ते रडन. मंग वापस बोलावन." रजा शिल्लक असूनही तो गावी जाईना. त्याचं कारण मला उशिरा कळलं. गावी गेलं की ती रांधणार. आणि तिच्या हातचं नको म्हणायची त्याची हिंमत नव्हती.

मग दिवाळीला तिचा डबा आला. डालड्याचा डबा, तोंडाला फडकं शिवलेलं, आत जवसाच्या तेलात तळलेली शेव. त्याने डबा पंगतीच्या मधोमध ठेवला, एकेकाला मूठ-मूठ दिली आणि बरगडीखाली हात दाबून समोर बसला.

"कसं लागते? नीट सांग. पत्रात लिहाचं आहे."

"मस्त."

"मस्त म्हंजे काय? ओवा लागते का? तिखट पयले लागते का मागून?"

मी दोन काड्या तोंडात टाकल्या. शेवेत मीठ नव्हतं. कमी नव्हे, अजिबातच नव्हतं. मी पंगतीकडे पाहिलं. सगळे खाली मान घालून चावत होते, म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. पण अन्नाला नाव ठेवू नये हे लहानपणापासून प्रत्येकाच्या अंगात मुरलेलं. त्यातून एका बाईने एवढ्या लांबून पाठवलेलं.

"एक नंबर," एक जण म्हणाला. "ओवा बरोबर. कुरकुरीत आहे."

मीही मान हलवली आणि लिहिलं: शेव फार छान झाली, ओवा बरोबर पडला, दोन दिवसांत संपवली. तो खूश झाला. कार्ड स्वतः जाऊन टाकून आला.

पंधरा दिवसांनी ती दारात उभी. सोबत भाऊ. मी पदर खोचून, कोपरापर्यंत पीठ लागलेली. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"हे अक्षर तुमचं का?" तिने कार्ड पुढे केलं. "वाचून दाखवनारे मास्तर म्हने, बाईचं अक्षर आहे."

मी चाळिशीची, केस पिकायला लागलेले. ती मला पाहून जरा निवळली, पण बसली नाही.

"डबा धाडला आन् मंग घरची शेव तोंडात टाकली. मीठच नाही. म्हटलं, आता शिव्यांचं कार्ड येते. रोज पोस्टमनची वाट पाहो. मीठ कमी पडलं का आमचे हे ताट सरकवते आन् म्हनते, मीठ का बाजारातच राहिलं? अन् कार्डात काय, तं शेव छान." ती थांबली. "त्याईनं खाल्लीच नाही ना वैनी? मंग कोनाच्या हातचं खाऊन राहिले?"

तेवढ्यात तो बाकीच्यांबरोबर पाळीवरून आला. तिला पाहून दारातच थबकला. बंडी वर केली. बरगडीखालून तिरपा गेलेला व्रण, वीतभर. तिने त्यावरून बोट फिरवलं, शिवण तपासावी तसं.

"हे काय?"

"पित्ताची पिशवी काढली."

"पित्ताचीच?" ती म्हणाली. "म्हनून राग आला नाही का मंग?"

पंगत हसली. तीही हसली, आणि हसता हसता खाली बसली.

"सांगाचं नाही का?"

"तुह्या हातचं खाता येत नाही, हे कसं सांगू?" तो म्हणाला.

ती आठ दिवस राहिली. बिनतेलाची भाजी कशी करायची ते माझ्याकडून शिकली. क्वार्टर नव्हतं, गावी सासू आणि शेत, त्यामुळे परत गेली. जाताना मला म्हणाली, "मीठ नव्हतं हे तुमाले समजलं होतं ना? मंग कावून नाही लिहिलं?"

"अन्नाला नाव कसं ठेवायचं?"

"माह्या अन्नाले ठेवाचं वैनी. कोनीतरी ठेवाचं."

ती गेली त्या संध्याकाळी मी त्याच्यापुढे पाटी ठेवली. यापुढे तुमचं खरंखोटं तुम्ही लिहा, म्हटलं. त्याला मुळाक्षरं यायला वर्ष गेलं. दुखणं मात्र तिथेच राहिलं. कधी महिनाभर गप्प, कधी रोज. दर दिवाळीला डबा येई, तो चव विचारून घेई आणि वाकड्या अक्षरांत तिला कळवी. कधी मीठ जास्त, कधी तिखट कमी. खरं तेच. क्वार्टरच्या यादीत त्याचं नाव लागलं तेव्हा वाघिणींचं काम त्याला झेपेनासं झालं होतं. तो गावी परतला. खड्यांची बाटली आमच्या फळीवरच विसरला. की ठेवून गेला, माहीत नाही.

पुढची तीन वर्षं दिवाळीला डबा मला येत राहिला, सोबत त्याचं कार्ड. मजकूर एकच: 'कसं लागते? नीट लिहा.' घरात तो होता, शेव होती, ती करणारीही होती. आणि चव मात्र भिलाईहून मागवावी लागत होती. मी सगळी कामं बाजूला ठेवून नीट लिहायची.

या दिवाळीला त्यांच्या गावचा माणूस डबा घेऊन आला. कार्ड नव्हतं. श्रावणात गेले, तो म्हणाला. पोटाचं नाही, ताप आला होता. या वेळी ताप खराच होता.

तो माणूस गेल्यावर मी डब्याची शिवण उसवली. दोन काड्या तोंडात टाकल्या. ओवा बरोबर, जवसाचा वास तोच. मीठ नव्हतं.

पंगत यायला अवकाश होता. मी हात पुसले, कार्ड घेतलं, वर तिचा पत्ता घातला आणि खाली एकच ओळ लिहिली:

मीठ का बाजारातच राहिलं?