मामांची डुलती माडी

माझे मामा पोलादी इमारतींचे हिशेब करतात. म्हणजे कोणत्या खांबावर किती भार येणार आणि त्याला किती लोखंड लागणार, हे कागदावर ठरवतात. ऑफिसात त्यांना ‘डबलसाहेब’ म्हणायचे. येणाऱ्या भाराच्या दीडपट ताकद इतरांना पुरायची, मामांना दुप्पट लागायची. घरातही तोच कायदा. त्यांनी बसवलेल्या कपडे वाळत घालायच्या दांडीला हत्ती टांगता येईल. मामी तर सांगते की लग्नाचा होकारसुद्धा त्यांनी दोनदा विचारून घेतला होता.

निवृत्त झाल्यावर मामांनी स्वतःचं ऑफिस काढायचं ठरवलं. जागा नव्हती, पण स्वयंपाकघराचं छत चांगलं उंच होतं. तिथेच मध्ये लोखंडी माडी घालायची.

मामी म्हणाली, “माझ्या ओट्यापुढे खांब नको. आणि डोकं आपटेल अशी लोंबती तुळईही नको.”

“मग माडी उभी कशावर राहणार?”

“ते तुम्ही बघा. इंजिनिअर कोण आहे?”

मामांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक मुख्य तुळई टाकली, बुटकी पण भरभक्कम. ताकद तपासली, ती दुपटीहून जास्त निघाली. आता ती भाराखाली किती वाकेल, एवढं बघायचं होतं. परक्याच्या गोदामासाठी मामांनी ते डोळ्यांत तेल घालून बघितलं असतं. इथे ‘घरचंच तर काम’ म्हणून सोडून दिलं.

माडी पडली नाही. पण वर कुणी चाललं की नावेसारखी डुलायची.

“पडणार नाही,” मामा मला म्हणाले.

“पडेल असं कुठे म्हणतोय मामा? मळमळतंय म्हणतोय.”

आणि पहिलंच गिऱ्हाईक येणार होतं. एका छापखान्याचे मालक, चांगले वजनदार गृहस्थ, त्यांना नवी इमारत बांधायची होती. हे काम मिळालं तर ऑफिस चालणार. नाही तर मामा दिवसभर मामीच्या पायात पायात येणार, याची धास्ती मामीलाच जास्त. मामांनी मालकांची खुर्ची भिंतीला चिकटवली, कारण तिथे डुलणं कमी. मामीला बजावलं, “चहा जिन्यातूनच दे. वर पाऊल टाकू नकोस.”

पण पाहुण्याला जिन्यातून चहा देणं मामीला पटेना. ती ट्रे घेऊन थेट माडीच्या मधोमध आली. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरलं. मालकांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

“साहेब, हे हलतंय का?”

मामांनी टेबलावरची पट्टी उचलली. आडवी धरून दाबली, ती वाकली. उभी धरून दाबली, ती ढिम्म. “वस्तू तीच, फरक उंचीचा. माझी तुळई बुटकी आहे, म्हणून वाकते. पण मोडणार नाही. मोडू नये आणि हलू नये, हे दोन वेगळे हिशेब असतात.”

“आणि तुम्ही दुसरा केलाच नाही.”

मामांनी पट्टी खाली ठेवली. मामी म्हणाली, “मोठी तुळई मीच नको म्हटलं होतं.” तिने मामांची बाजू घेतलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मामांनीही बहुतेक पहिल्यांदाच.

“माझी यंत्रं दिवसभर धडधडतात,” मालक उठत म्हणाले. “मला दोन्ही हिशेब लागतील. आधी ही माडी गप्प बसवा, मग बोलू.”

ते गेल्यावर मामांनी खाली येऊन फरशीवर खडूने फुली मारली. “इथे खांब दिला की तुळईचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, निम्मा होतो. निम्म्या गाळ्यात डुलणं नावालाही राहत नाही.”

फुली बरोबर ओट्यापुढे होती.

“जरा बाजूला नाही का सरकत?”

“सरकतो. मग माडीही जरा डुलते.”

मामीने फुलीकडे बघितलं, मग मामांकडे. “घाला. तुम्ही दिवसभर इथे उभे राहण्यापेक्षा खांब बरा. ‘आज काय केलंय’ असं दर तासाला विचारत तरी नाही.”

खांब बसला. मालक पुन्हा आले, माडीच्या मधोमध गेले आणि त्यांनी उडी मारली. ते स्वतः बराच वेळ हलत होते, माडी नाही.

“काढा नकाशा,” ते म्हणाले.

मामांनी छापखान्याचे दोन्ही हिशेब केले, तेही दोनदा. नकाशा टेबलावर पसरला तेव्हा मामीने वाकून एका खांबावर बोट ठेवलं. “हा कुठे येतोय?”

“कामगारांच्या चहाच्या खोलीत.”

“आणि तिथला ओटा?”

मामांनी चष्मा वर करून नीट बघितलं. मग खोडरबर शोधायला लागले.