घोंगडीतून गाळलेलं तेल

डोंगरकडा गावच्या गिरणीतलं जुनं डिझेल इंजिन सुरू झालं की पार नरसीपर्यंतची कुत्री पळायची. त्यात तेल ओतायचं काम माझं. एका उन्हाळ्यात ते घटकाभर चालून बंद पडू लागलं. म्हातारा मिस्त्री रोज खोलायचा, मालक रोज ओरडायचा, "तुला दिसून न्हाई राहिलं, घरी बस!" मी म्हणायचो, "मालक, भूत हाय आत!"

शेवटी मिस्त्रीला काढलं. मग तेलाची नळी मी खोलली. आत काळी लोकर! तेल स्वच्छ व्हावं म्हणून मीच ते आमच्या घोंगडीतून गाळायचो. लोकर गुपचूप खिशात घातली. इंजिन धडाडलं आणि मी मिस्त्री झालो.

वाटेत म्हातारा भेटला. "बराबर पकडलंस लेका, माझे डोळेच गेले."

एरवी माझी जीभ थांबत नसे. तेव्हा नुसतं "व्हय" म्हणालो.